जिथे कॅमेरा जाऊ शकत नाही

३० सप्टेंबर २००६ रोजी नांगपा ला या हिमालयातल्या खिंडीत, सुमारे ५,७०० मीटर उंचीवर, चिनी सीमारक्षकांनी नेपाळकडे निघालेल्या तिबेटींवर गोळ्या झाडल्या. १७ वर्षांची एक भिक्षुणी बर्फात कोसळली ती उठलीच नाही. चो ओयू शिखरासाठी आलेल्या एका रुमानियन गिर्यारोहकाने हे चित्रित केलं, म्हणून जगाला ते कळलं. रितू सरिन आणि तेनझिंग सोनम यांच्या ‘द स्वीट रेक्विएम’ (२०१८) या कथापटामागे ही घटना आहे. पण चित्रपट गोळीपाशी थांबत नाही. दिल्लीतल्या मजनू का टिला वस्तीत राहणारी, ब्यूटी पार्लरमध्ये काम करणारी डोलकर एके दिवशी एका माणसाला ओळखते. ती आठ वर्षांची असताना तिला आणि तिच्या वडिलांना डोंगरात सोडून पळालेला वाटाड्या तो हाच. ती त्याच्या मागावर निघते. आता हिशेब चीनशी नाही, आपल्याच माणसाशी आहे.

निर्वासित तिबेटी सिनेमाने गाठलेली ही सर्वांत उंच जागा आहे, असं मी मानतो. तिथवर पोचायला त्याला बराच काळ लागला, आणि त्याचं कारण फक्त पैशांची चणचण एवढंच नाही.

देशाबाहेर जगण्याच्या या अवस्थेला आपल्या भाषेत नेमका शब्द नाही. वनवासाला मुदत असते, चौदा वर्षं सरली की अयोध्या आहेच. हद्दपारी म्हटलं की पोलीस ठाण्याची नोटीस आठवते. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, त्याला आता सहा दशकं उलटून गेली. इथे जन्मलेल्यांची नातवंडं शाळेत जातात, तरी बहुतेकांच्या हाती पासपोर्ट नाही, नोंदणीचा दाखला आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. न पाहिलेल्या देशाची आठवण बाळगणाऱ्या या पिढीने सिनेमा काढायचा तर पहिला प्रश्न कलेचाच येतो. जिथे कॅमेरा नेता येत नाही, ती जागा पडद्यावर आणायची कशी?

हॉलिवूडने १९९७ मध्ये उत्तर शोधलं ते पैशाच्या बळावर. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ मुख्यतः अर्जेंटिनात उभा राहिला, स्कोर्सेसीचा ‘कुन्दुन’ मोरोक्कोत. दोन्ही देखणे आहेत आणि दोन्हींत तिबेटी माणूस इंग्रजी बोलतो. सरिन-सोनम यांच्या ‘ड्रीमिंग ल्हासा’ने (२००५) ती वाटच सोडली. नावात ल्हासा आहे, पडद्यावर मात्र धरमशाला. न्यूयॉर्कहून आलेली एक तिबेटी तरुणी माजी राजकैद्यांवर माहितीपट करते आहे. तिला तिबेटमधून निसटून आलेला एक माजी भिक्षू भेटतो. मरणाऱ्या आईने सोपवलेली ताईताची डबी तो एका बेपत्ता योद्ध्याच्या हाती द्यायला आला आहे. देश दिसत नाही, पण ती डबी हातात दिसत राहते. तेनझिंग सोनम यांचे वडील ल्हामो त्सेरिंग हे तिबेटी सशस्त्र प्रतिकाराचे एक सूत्रधार होते. ‘द शॅडो सर्कस’ (१९९८) या माहितीपटात या दोघांनी तो इतिहास मांडला होता. त्यामुळे कथेतला हरवलेला योद्धा केवळ कल्पनेतून आलेला वाटत नाही.

तरीही त्या चित्रपटात एक दोष आहे, आणि तो या साऱ्या परंपरेचा आहे. पात्रं बोलू लागली की साक्ष देतात. जगाला सांगायचं इतकं साचलेलं असतं की दोन माणसांच्या संवादातही तिसरा श्रोता, परदेशी प्रेक्षक, येऊन बसतो. ही सवय माहितीपटातून आली, आणि ती समजण्यासारखी आहे. धोंडुप वांगचेन यांनी तिबेटमध्ये लोकांच्या मुलाखती गुपचूप चित्रित करून २५ मिनिटांचा ‘लीव्हिंग फिअर बिहाइंड’ (२००८) केला आणि त्यासाठी सहा वर्षांचा तुरुंग भोगला. जिथे साक्ष देण्याची किंमत एवढी, तिथे साक्षीचा सूर सोडून द्या असं सांगताना समीक्षकाची जीभ अडखळते. पण कथापटाला तो सोडावाच लागतो.

तो कसा सोडायचा, हे तिबेटच्या आत राहून काम करणाऱ्या पेमा त्सेदेन यांच्याकडून शिकावं. २०२३ मध्ये ते गेले. चिनी सेन्सॉरच्या नजरेखाली त्यांनी तिबेटी भाषेत ‘ओल्ड डॉग’ केला. आपलं कुत्रं विकायला तयार नसलेला म्हातारा धनगर, एवढीच गोष्ट. राजकारणाचा एक शब्द नाही, आणि शेवट पाहून माणूस सुन्न होतो. त्यांच्यापाशी भूमी होती, उघड बोलण्याची मुभा नव्हती. धरमशालेत मुभा आहे, भूमी नाही.

अडचणी पडद्याबाहेरही आहेतच. सरिन-सोनम यांचा माहितीपट दाखवला म्हणून २०१० मध्ये पाम स्प्रिंग्ज महोत्सवातून चीनने आपले चित्रपट काढून घेतले होते. शिवाय प्रत्येक अर्जात देशाचा रकाना असतो. ख्येन्त्से नोर्बू यांचा ‘द कप’ (१९९९) हिमाचलातल्या बीरच्या मठातल्या तिबेटी भिक्षूंची, फुटबॉल विश्वचषकाच्या वेडाची गोष्ट. ऑस्करला तो भूतानतर्फे गेला, कारण दिग्दर्शक भूतानी. इराणमधून पळालेल्या मोहम्मद रसूलोफ यांचा चित्रपट २०२४ मध्ये जर्मनीने पाठवला. तिबेटी दिग्दर्शकाला असा देश उसना मिळेलच असं नाही.

म्हणूनच २०२४ मध्ये बुसान चित्रपट महोत्सवात दाखवलेला ‘स्टेट ऑफ स्टेटलेसनेस’ मला महत्त्वाचा वाटतो. द्रुंग या तिबेटी चित्रकर्मींच्या गटाने चार लघुकथा एकत्र गुंफल्या. त्यातली एक व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या काठी घडते. ती नदी तिबेटच्या पठारावर उगम पावते. इथे देश आठवणीतून नव्हे, पाण्यातून येतो. तेन्झिन त्सेतन चोक्लाय, त्सेरिंग ताशी ग्याल्थांग, सोनम त्सेतेन या त्यातल्या दिग्दर्शकांची नावं लक्षात ठेवावीत.

सरिन आणि सोनम यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला धरमशाला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दरवर्षी स्वतंत्र चित्रपट डोंगरावर आणतो. पण हे चित्रपट महाराष्ट्रात कोण दाखवतं? गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत गेली अनेक दशकं आहे. थंडी पडली की आपल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. आपल्या फिल्म सोसायट्यांनी या हिवाळ्यात ‘द स्वीट रेक्विएम’चा एक खेळ लावावा, आणि त्या दुकानांतल्या माणसांना पहिल्या रांगेत बोलवावं.