संदर्भसंग्रह आणि साक्षीदाराचे नाव

संशोधनाचे संदर्भ जमवून ते सुव्यवस्थित ठेवणाऱ्या संगणकीय साधनांमध्ये ‘झोटेरो’ हे विनामूल्य साधन विशेष प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात ते २००६ साली निर्माण झाले. प्रबंधलेखकांना ते परिचित असेलच. परंतु लोकांत राहून त्यांच्या परंपरेचा अभ्यास करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना ते कितपत उपयोगी आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे. उदाहरणादाखल आम्ही तेलंगणातील आदिलाबादचा परिसर घेतो. गोंडी, मराठी व तेलुगू या भाषा तेथे शेजारी नांदतात, आणि त्या परिसराविषयीचा संग्रह करू जाता साधनाचे गुण व मर्यादा दोन्ही उघड होतात.

प्रथम गुणांविषयी. ग्रंथाचा आयएसबीएन क्रमांक दिला की ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक व वर्ष ही माहिती साधन सूचींतून आपोआप आणते. नोंदीला टिपणे जोडता येतात. लेखनाच्या वेळी तळटीपा ठरावीक पद्धतीने तयार होतात. सुट्या कागदांचा शोध घेण्यात जाणारा वेळ वाचतो, हा लाभ थोडा नव्हे.

तथापि जे आयते मिळते त्याकडेच संग्रह झुकतो. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावी गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते आढळली. त्या लिपीला युनिकोडमध्ये २०१८ साली स्थान मिळाले. अशा हस्तलिखिताला क्रमांक कोठून असणार? त्याची नोंद अभ्यासकाने स्वहस्ते केली तरच होते. तो कंटाळा केला, की गोंडांविषयीचा संग्रह इंग्रजी ग्रंथांनी भरतो आणि गोंडांचे स्वतःचे लेखन बाहेर राहते.

स्थलनामांची अडचण याहून सूक्ष्म आहे. १९४८ साली ग्रंथात ‘आदिलाबाद’ असे छापले गेले तेव्हा तो हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. १९५६ नंतर तो आंध्र प्रदेशात होता. २०१४ पासून तेलंगणात आला. आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. कोमरम भीम यांच्या लढ्याशी निगडित जोडेघाट आज आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. साधन या सर्वांस एकाच खुणेखाली ठेवील. गावाचे नाव व काळ यांचा भेद अभ्यासकानेच नोंदवावयाचा असतो.

परंतु आमचा मुख्य आक्षेप लेखकाच्या रकान्याविषयी आहे. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या १९४८ च्या ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ या ग्रंथात परधानांच्या मुखातील पुराणकथांना मोठे स्थान आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक होत. नोंद मात्र हायमेनडॉर्फांच्या नावे होते. ग्रंथाचे कर्तृत्व त्यांचेच, यात वाद नाही. पण कथेचा साक्षीदार कोण, हे संदर्भसूची वाचणाऱ्यास कळत नाही. जो दोष छापील ग्रंथात जुना आहे, तोच आमच्या नव्या टिपणांत का उतरावा? धर्मशिक्षक एखाद्या वृद्धाकडून कथा ऐकतो, लिहून घेतो, आणि लेखक म्हणून स्वतःचे नाव घालतो. येथे दोष साधनाचा नाही. मुलाखत देणारा व घेणारा, तसेच ध्वनिमुद्रणातील गायक, यांच्यासाठी त्यात वेगळे रकाने आहेत. ते आपण रिकामे ठेवतो.

सबब आमची सूचना अशी की, कथा सांगणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक त्याच दिवशी लिहावे. त्याच्या संमतीवाचून ध्वनिमुद्रण सामायिक संग्रहात ठेवू नये. तो नाव प्रसिद्ध करू इच्छित नसेल तर त्याच्या इच्छेचा मान राखावा. आडनाव आधी येणारी नावे उलटी पडली नाहीत ना, हेही पाहावे: ‘कोमरम’ हे कुळाचे नाव, ‘भीम’ हे व्यक्तीचे.

‘झोटेरो’ हे नाव अल्बेनियन भाषेतील ‘प्रभुत्व मिळविणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. पण शंभर नोंदी गोळा करणारा शंभर ग्रंथांचा जाणकार होत नाही. संत लूकनेही आपल्यापूर्वीचे वृत्तान्त पाहिले होते. तरी शुभवर्तमानाच्या आरंभी तो ते वृत्त प्रत्यक्ष साक्षीदारांकडून आल्याचे आवर्जून सांगतो, आणि आपण सर्व गोष्टींचा बारकाईने शोध केला असे म्हणतो. साधन जरूर वापरावे. मात्र साक्षीदाराला विसरण्याची सोय म्हणून वापरू नये.