चोखोबाचा जन्मदाखला

पिंपरी-चिंचवडमधल्या एका कामगार वस्तीत आम्ही काही जण मिळून अभ्यासवर्ग चालवतो. तेथे एका रविवारी संत चोखामेळ्याच्या अभंगांवर मी बोलत होतो. विषय कवितेचा होता, पण वाद पेटला तो जन्मस्थानावर. चाकणला कंत्राटावर कामाला जाणारा बुलढाण्याचा एक तरुण म्हणाला, चोखोबा आमच्या मेहुणाराजाचे. मंगळवेढ्याकडचे एक निवृत्त कामगार लगेच उसळले, "ते आमचेच. आमच्या वेशीच्या भिंतीखाली देह ठेवला त्यांनी." तरुण म्हणाला, "काका, मरण तुमच्याकडं आलं म्हणून जन्मही तुमच्याकडंच कसा?" दोघेही इरेला पेटले. मागे बसलेली एक विद्यार्थिनी मग म्हणाली, "सर, चोखोबांना सातशे वर्षं झाली. माझ्या आजोबांचा जन्म कुठं झाला त्याचाच कागद आम्हाला सापडत नाही."

तिच्या मांडीवर जातीच्या दाखल्याची फाइल होती. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक दलित घराला पाठ आहे. शाळेच्या रजिस्टरातील नोंद, कोतवाल बुक, जमिनीच्या हक्काची नोंद, यांपैकी काहीतरी हवे. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, जमीन त्यांच्या नावावर नाही, आणि पोटासाठी गाव सोडलेले. तेव्हा नात आजोबांचा जन्म शोधत हिंडते. हा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे, त्याला चोखोबाच्या जन्माचा प्रश्न केवळ पंडिती वाटणार नाही. परंतु तो प्रश्न आपण कसा विचारतो, याचा विचार आता झाला पाहिजे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम कागदाविषयी. आम्ही राहतो त्या टापूत संतांच्या वंशावळींना तोटा नाही. देहू अगदी जवळ आहे. तुकोबांच्या घराण्याची माहिती विश्वंभरबुवांपासून मिळते. वडील बोल्होबा, आई कनकाई, भाऊ सावजी आणि कान्होबा, बायका रखुमाई आणि जिजाई, अशी सगळी नावे आपल्याला ठाऊक आहेत. याचे कारण तुकोबा थोर होते एवढेच नाही. त्या घरी महाजनकीचे वतन होते, सावकारी होती, पुढे वंशजांना इनाम मिळाले. वतन आले की हक्क आला, हक्क आला की भाऊबंदकी आली, आणि भाऊबंदकी आली की कागद झाला. एवढे असूनही तुकोबांच्या जन्माची १५६८, १५७७, १५९८ आणि १६०८ अशी चार साले अभ्यासकांनी मांडली आहेत. त्यांचे अभंग उतरवून ठेवणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे यांचे नाव परंपरा आदराने घेते. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. म्हणजे ज्याच्या घरी वतन होते, ज्याला लिहून घेणारा गावापासून हाकेच्या अंतरावर भेटला, त्याचेही जन्मसाल एकमताने ठरत नाही. मग ज्याच्या वाट्याला येसकराची काठी आली, त्याच्या जन्माची नोंद कोण ठेवणार?

महाराचे नाव जुन्या कागदांत नाहीच, असे मात्र कोणी समजू नये. ते आहे, परंतु दुसऱ्याच्या कामापुरते आहे. गावाची शीव कोठून जाते याचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानत. त्या साक्षीपुरते एखाद्या महजरात 'नाक' प्रत्यय लावलेले एखादे नाव येते आणि पुढच्या ओळीत नाहीसे होते. मयताची खबर परगावी पोचवणारा तोच. पाटलाच्या घरचे मरण तो पायपीट करून सांगे. त्याच्या स्वतःच्या घरचा पाळणा कोणत्याही दप्तरात हलला नाही. भीमा-कोरेगावचा स्तंभ आमच्यापासून फार लांब नाही. १८१८ च्या पहिल्या दिवशी झालेल्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत आणि त्यांत 'नाक' प्रत्ययाची नावे आपण अभिमानाने मोजतो. तेथेही आपल्याला नाव मिळते ते मेल्यानंतर आणि चाकरीत मेल्यामुळे. तो कोणाच्या पोटी जन्मला, त्याच्या घरी मागे कोण राहिले, हे दगड सांगत नाही.

चोखोबाचेही नेमके हेच झाले आहे. त्याच्या जन्माची तिथी नाही, पण मृत्यूचे साल परंपरेने जपले आहे. शके १२६०, म्हणजे १३३८. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि वेठीला धरलेले मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होता. नामदेवांनी त्याची हाडे शोधून पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, त्यावरून ती ओळखली, असे कथा सांगते.

आता जन्माची कथा पाहा. चोखोबाचे आईवडील वेठीने आंबे वाहून नेत असतात. वाटेत ब्राह्मणाच्या रूपात देव येतो, एक आंबा मागून घेतो, चाखतो आणि आंबट म्हणून परत देतो. आई तो पदरात ठेवते. पुढे पदर सोडून पाहते तो आंब्याच्या जागी मूल. कथेचे पाठ निरनिराळे आहेत, पण गाभा हाच. चरित्रकार ही कथा एकतर भाविकपणे जशीच्या तशी देतात किंवा भाकडकथा म्हणून बाजूला टाकतात. मला दोन्ही रीती अपुऱ्या वाटतात. चमत्कार वजा केला तरी कथेत काही उरते, आणि ते मोलाचे आहे. डोक्यावर दुसऱ्याची पाटी घेऊन रस्त्याने चाललेली एक बाई उरते. तिच्या पदरातले उष्टे फळ उरते. म्हणजे ज्या लोकांनी ही कथा रचली, त्यांनाही चोखोबाचा जन्म वेठीबाहेर कल्पिता आला नाही. जन्म वेठीच्या वाटेवर आणि मरण वेठीच्या भिंतीखाली. साल सांगता येत नसले, तरी त्या दोन टोकांमधले आयुष्य कोणत्या वर्गाचे होते याबद्दल शंका राहत नाही.

जन्मस्थानाच्या वादाकडे याच नजरेने पाहावे. मेहुणाराजाच्या बाजूने आधार म्हणून अभंगांतील मेहुणपुरी पुढे केली जाते. चोखोबाची बहीण निर्मळा तेथे राहते, आणि सोयराबाईचे दिवस भरत आले असता चोखोबा घर सोडून बहिणीकडे निघून जातो, असा प्रसंग या घरच्या अभंगांत आहे. परंतु निर्मळा ही बंकाची बायको. लग्न झालेली बहीण ज्या गावी राहते ते तिचे सासर असण्याचा संभव अधिक. शिवाय परंपरा बंकाला सोयराबाईचा भाऊ मानते. तसे असेल तर मेहुणपुरी हे सोयराबाईचे माहेर ठरेल, चोखोबाचे जन्मगाव नव्हे. उलट, भिंत मंगळवेढ्याला पडली म्हणून तो जन्मला तेथेच, हेही सिद्ध होत नाही. वेठबिगार आणि पोटार्थी मजूर कोठे जन्मतो आणि कोठे मरतो, हे चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्याला मी काय सांगावे! मी अभ्यासवर्गात एवढेच म्हणालो की दोन्ही गावांनी चोखोबाला आपला म्हणावे, पण जयंतीच्या पत्रिकेवर छापायला खोटी तिथी बनवू नये. ज्यांनी आपल्याला इतिहासाबाहेर ठेवले त्यांच्याच पद्धतीने बनावट वंशावळी रचायच्या, तर आपण नाकारले काय?

मग काहीच मिळत नाही काय? मिळते, आणि पुष्कळ मिळते. चोखोबाच्या जन्माचा दाखला नसला तरी त्याच्या मुलाच्या जन्माचा आहे. तो बाळंतिणीने स्वतः दिला आहे. सोयराबाईच्या अभंगांत मूल नसल्याचे दुःख आहे, दिवस राहणे आहे, नवरा ऐन वेळी घरात नसणे आहे, आणि नणंदेच्या रूपाने येऊन विठोबाने बाळंतपण करणे आहे. पुन्हा चमत्कार बाजूला ठेवा. प्रसूतीच्या वेळी महारवाड्यातल्या घरी कोणी नव्हते, हे उरतेच. निर्मळा आपल्या भावाला जाब विचारते की बायकोला अशा वेळी टाकून तू आलासच कसा. त्या काळच्या किती थोरामोठ्यांच्या घरातले हे बोलणे आपल्यापर्यंत पोचले आहे? सोयराबाई स्वतःची ओळख चोख्याची महारी अशी देते. बंका आहे, आणि पुढे कर्ममेळा आहे. बापाने आपल्या हीन जन्माचा दोष पूर्वकर्माकडे दिला, तर मुलगा देवालाच उभा करून विचारतो. नवरा, बायको, बहीण, मेहुणा आणि मुलगा अशा एकाच अस्पृश्य घरातल्या पाच जणांची कविता आपल्या हाती आहे, आणि आपण मात्र एकट्या चोखोबाचे जन्मगाव शोधत बसलो आहोत.

या अभंगांना दप्तरातील कागदाचा दर्जा देता येईल, असे माझे म्हणणे नाही. चोखोबाचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले असे परंपरा सांगते. म्हणजे येथेही शब्द आपला आणि लेखणी दुसऱ्याची. ते तोंडोतोंडी फिरले, त्यांत भर पडली, काही गळले. त्यामुळे प्रत्येक ओळीची छाननी केली पाहिजे. परंतु छाननी करायची ती कवितेला कमी लेखण्यासाठी नव्हे. नात्यांची गुंफण, घरातली कामे, खाण्याची भ्रांत, पाण्याची आणि स्पर्शाची बंदी, या गोष्टी अनेक अभंगांत एकमेकांना दुजोरा देतात तेथे आपण इतिहासाच्या जमिनीवर उभे असतो. जेथे एकच अभंग एकच चमत्कार सांगतो, तेथे जमीन सुटते. समीक्षकाने ही सीमा दाखवली पाहिजे.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. चोखोबाने नशिबाला मान तुकवली, तो आमचा पूर्वज कसा? सत्तरीच्या दशकात हा प्रश्न दलित साहित्याच्या चर्चेत वारंवार आला, आणि तो खोटा नाही. बाबासाहेबांनी १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी येथे देहूरोडला, चोखोबाच्या नावाने उभारलेल्या देवळात, बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. या दोन कृतींत मला विसंगती दिसत नाही. पूर्वजाला ओळख द्यायची आणि त्याची वाट मात्र चालायची नाही, असा तो विवेक आहे. पूर्वज निवडता येत नाही, मार्ग निवडता येतो. ज्याच्यापासून आपण फुटून निघालो त्याचे घर नीट पाहिल्याशिवाय आपण किती चाललो हेही कळणार नाही.

मंगळवेढ्याच्या त्या भिंतीखाली चोखोबा एकटा नव्हता. इतरही मजूर होते. त्यांची हाडे शोधायला कोणी नामदेव आला नाही, कारण त्यांनी अभंग केले नव्हते. आजही बांधकामावर भिंत पडते तेव्हा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर कोणाचे नाव होते आणि कोणाचे नव्हते, यावर वाद होतो. नाव नसलेल्याच्या बायकोला नवरा तेथे कामाला होता हेच आधी शाबीत करावे लागते. सातशे वर्षांत कागदाची ही चाल फारशी बदललेली नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीला मी दोन कामे सांगितली. आजोबांचा सरकारी पुरावा शोधायचा तो शोधच, तो तुझा हक्क आहे. पण त्याबरोबर आजी जिवंत आहे तोवर तिच्यापाशी बस. आजोबा कोणाच्या शेतात राबले, कोणत्या दुष्काळात गाव सोडले, कोणते मूल कोठे झाले आणि तेव्हा जवळ कोण होते, हे तिच्या शब्दांत, तारीख घालून, काही न वाढवता लिहून काढ. तिने वही काढली आणि विचारले, "आजीला सालं आठवत नाहीत, तर?" मी म्हणालो, साल नसेल तर नाही म्हणून लिही. सोयराबाईनेही साल दिलेले नाही.

पुढच्या बैठकीपासून आम्ही या घरातल्या पाचही जणांचे अभंग एकत्र वाचणार आहोत. सुरुवात सोयराबाईपासून करायची, असे ठरले आहे. बुलढाण्याचा तरुण आणि मंगळवेढ्याचे काका दोघेही येणार आहेत.