वेब्स्टरचें सेनेटमधील भाषण

छापील भाषण वाचतांना आवाजाची मोहिनी नाहींशी होते, आणि उरतो तो केवळ युक्तिवाद. अमेरिकेच्या सेनेटसभेंत १८३० च्या जानेवारींत २६ व २७ या दोन दिवशीं डॅनिएल वेब्स्टरनें केलेलें भाषण या परीक्षेस बऱ्याच अंशीं उतरतें.

वाद निघाला सरकारी जमिनींच्या विक्रीवरून. परंतु संघाचा कायदा घटनाबाह्य वाटल्यास तो आपल्या हद्दींत रद्द ठरविण्याचा अधिकार घटक राज्यास आहे, असा पक्ष साउथ कॅरोलिनाच्या हेननें मांडला, आणि प्रश्न राज्यघटनेचाच झाला. या मताचा मोठा पुरस्कर्ता कॅल्हून उपाध्यक्ष या नात्यानें त्या सभेचा अध्यक्ष होता. वेब्स्टरचें उत्तर असें कीं, संघराज्य हा राज्याराज्यांतील करार नसून ती लोकांची निर्मिति आहे. म्हणून अशा वादाचा अखेरचा निवाडा एकेका राज्यानें नव्हे, तर सर्वोच्च न्यायालयानें करावयाचा. ही बांधणी आम्हांस भक्कम वाटते.

परंतु या 'लोकां'त गुलामांची गणना होती काय? गुलामगिरी हें मोठें अनिष्ट आहे असें म्हणून याच भाषणांत वेब्स्टर ती ज्या त्या राज्याच्या स्वाधीन करितो. पुढें ७ मार्च १८५० रोजीं संघ राखण्यासाठीं त्यानें पळालेल्या गुलामांस धरून परत देण्याच्या कायद्याची तरफदारी केली, तेव्हां त्याच्या मॅसॅच्युसेट्समधील अनेक चाहत्यांनीं त्यास पतित ठरविलें. आम्हांस मात्र तो बदललेला दिसत नाहीं. स्वातंत्र्य आणि संघ यांची जोडी अभेद्य आहे, असें त्यानें १८३० सालीं सांगितलें खरें; पण स्वातंत्र्य कोणाचें, हें तेव्हांही सांगितलें नव्हतें.