उसनी वाक्ये आणि शैक्षणिक सचोटी : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एका नियमावलीची चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणसंस्थांतील शैक्षणिक सचोटीचे संवर्धन आणि वाङ्मयचौर्याचा प्रतिबंध यासंबंधीची नियमावली जारी केली. तेव्हापासून 'साम्याची टक्केवारी' हा शब्दप्रयोग प्राध्यापक-कक्षांत रूढ झाला आहे. या नियमावलीचे वाचन बहुधा दंडाच्या कलमांपासून सुरू होते व तेथेच संपते. प्रस्तुत लेखात तिचा विचार रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतील पदवीचा विद्यार्थी समोर ठेवून केला आहे. इंग्रजी ही ज्याची दुसरी, पुष्कळदा तिसरीच भाषा असते, त्याच्या लेखनातील उसनेपणाला चोरी म्हणावयाचे की शिक्षणाची एक पायरी मानावयाचे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

नियमावलीचा आशय

नियमावलीने साम्याचे स्तर ठरवून दिले आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आतील ठरीव मुदतीत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षपर्यंत सुधारित लेखन सादर करण्यास मनाई होते. ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांचे मजकूर, समीकरणे इत्यादी भाग या मोजणीतून वगळले आहेत.

मात्र नियमावलीतील दोन गोष्टी सहसा नजरेआड होतात. पहिली अशी की, ज्या लेखनाला हे स्तर लागू होतात त्याच्या व्याख्येतून स्वाध्याय, सत्र-निबंध, प्रकल्प अहवाल व उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. म्हणजे पदवीचा विद्यार्थी प्रत्यक्षात जे जे लिहितो, ते जवळजवळ सर्वच दंडाच्या कक्षेबाहेर आहे. दुसरी गोष्ट अशी की, याच नियमावलीने सचोटीची मूलतत्त्वे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सक्तीने समाविष्ट करण्याचे, तसेच विद्यार्थ्यांना श्रेयनिर्देश कसा करावा हे शिकविण्याचे कर्तव्य संस्थांवर सोपविले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या असता नियमावलीचा क्रम उघड होतो. पदवीस्तरावर शिकवावयाचे आणि त्यापुढील स्तरावर तपासावयाचे, असा तो क्रम आहे. व्यवहारात मात्र शिकविण्याचा टप्पा गाळून थेट तपासणी सुरू होते. सवय जडते ती पदवीच्या वर्गात. तिचा जाब विचारला जातो तो प्रबंधाच्या वेळी.

भाषेची उतरंड

कर्जत-खालापूर परिसरात या त्रुटीची झळ अधिक तीव्र का, हे येथील भाषिक स्थितीवरून कळते. ठाकर व कातकरी वाड्यांतून, आगरी वस्त्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीपेक्षा वेगळी असते. कातकरी समाजाची तर शासनदरबारी आदिम जमात म्हणून नोंद आहे आणि तेथून महाविद्यालयात पोहोचणारा विद्यार्थी बहुधा घरातील पहिलाच असतो. प्रमाण मराठी ही त्याला शाळेत भेटलेली दुसरी भाषा होय. वाणिज्य वा विज्ञान शाखेत प्रवेश घेताच इंग्रजी पुस्तकाशी गाठ पडते आणि त्या भाषेत अहवाल लिहिण्याची अपेक्षा ठेवली जाते. मधल्या काळात वाक्य कसे रचावे, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत कसे मांडावे, याचा पाठ कोणत्याही तासिकेत होत नाही. उरतात ती गाईडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे मागील वर्षीचे प्रकल्प.

याचा परिणाम ज्ञानाच्या पातळीवर होतो. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाताच्या जाती तालुक्यातील शेतकऱ्यांना नावानिशी ठाऊक आहेत. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या काठी उन्हाळी भात होतो, हेही येथे सर्वांना माहीत आहे. त्याच शेतकऱ्याच्या मुलाने भातशेतीवर इंग्रजीत प्रकल्प लिहावयास घेतला, असे समजू. त्यात जागतिक भात-उत्पादनाविषयी कोठून तरी उतरविलेली चार पाने येण्याचा संभव अधिक, आणि राजनाला येण्याचा संभव कमी. त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते; पण ते ज्या भाषेत त्याच्यापाशी असते, ती भाषा प्रकल्पात चालत नाही, अशी त्याची समजूत झालेली असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरवस्ती दरडीखाली गेली. या दुर्घटनेवर शेजारच्या वाडीतील विद्यार्थ्याने अहवाल लिहावा आणि तो इंग्रजी वृत्तपत्रांतील वाक्यांनी भरलेला असावा, तर त्यात वृत्तपत्राचे नुकसान थोडे. त्या विद्यार्थ्याची साक्ष कायमची हरवते, हे नुकसान मोठे.

ठिगळ-लेखनाचा प्रश्न

मूळ वाक्यातील काही शब्द बदलून, काही गाळून, उरलेले तसेच ठेवून केलेल्या लेखनाला रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी अभ्यासिकेने १९९० च्या दशकात 'पॅचरायटिंग' हे नाव दिले. मराठीत त्यास ठिगळ-लेखन म्हणता येईल. नवख्या विषयाच्या भाषेत शिरू पाहणाऱ्याची ही एक अवस्था आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अ‍ॅलिस्टर पेनीकुक यांनी १९९६ साली हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात याच प्रश्नाची चर्चा करताना, भाषा शिकणे हेच मुळी इतरांचे शब्द उसने घेणे असते, याकडे लक्ष वेधले. डायान पेकोरारी यांनी २००३ मध्ये ब्रिटनमधील १७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन मूळ साधनांशी ताडून पाहिले. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती. त्यांच्या लेखनात अनिर्दिष्ट उसनवारी आढळली. फसविण्याचा हेतू मात्र दिसून आला नाही.

मराठीतील 'वाङ्मयचौर्य' हा शब्द हेतू गृहीत धरतो, कारण चोरी अजाणता होत नाही. याउलट, संगणक केवळ शब्दांचे साम्य मोजतो. या दोहोंची गल्लत झाली की अन्याय होतो, आणि तो दुहेरी असतो. प्रामाणिकपणे चाचपडणाऱ्याची ठिगळे यंत्राला दिसतात. इंग्रजी पान मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर खपविणारा, पैसे देऊन प्रकल्प लिहवून घेणारा, किंवा २०२२ च्या अखेरीस आलेल्या चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून सफाईदार इंग्रजी मिळविणारा शब्दसाम्याच्या चाळणीतून सहज निसटू शकतो. टक्केवारीला ज्याची भाषा कच्ची तो सापडतो. ज्याची नीती कच्ची तो सापडेलच असे नाही.

याचा अर्थ सर्व काही क्षम्य आहे असा नव्हे. दुसऱ्याच्या प्रकल्पावरील नाव खोडून आपले घालणे ही फसवणूकच आहे आणि तिला भाषेच्या अडचणीची सबब चालू नये. मुद्दा इतकाच की, फसवणूक आणि अपुरी भाषा यांतील भेद यंत्र करू शकत नाही. तो वर्गावर शिकविणाऱ्या अध्यापकालाच करावा लागतो.

परंपरेची साक्ष

श्रेयनिर्देश ही पाश्चात्त्य विद्यापीठांची रीत असून पाठांतरावर पोसलेल्या आपल्या विद्यार्थ्याला ती परकी आहे, असे मत कधी कधी मांडले जाते. ते तपासून पाहण्यासारखे आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी संस्कृतातील गीता मराठीत आणली; ती आणताना व्यासांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट विचारत आपण चाललो आहोत, असे त्यांनी स्वतःच नोंदविले. अभंगाच्या अखेरीस संताची नाममुद्रा असते आणि शेकडो अभंग मुखोद्गत असलेला कीर्तनकार ती कधी गाळीत नाही. हरिपाठ म्हणणाऱ्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला 'हे कोणाचे' हा प्रश्न नवा नाही. नाममुद्रेपासून तळटीपेपर्यंतचा रस्ता लहान आहे; तो दाखविला मात्र जात नाही.

अध्यापकांचे उत्तरदायित्व

विद्यार्थ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी अध्यापकवर्गाने स्वतःकडेही पाहावयास हवे. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील विद्यापीठांनी सुचविलेल्या १००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके दर्जाच्या कसोटीवर उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पदोन्नतीसाठी अशा ठिकाणी लेख छापणे आणि गुणांसाठी गाईडातून प्रकल्प उतरविणे, यांत जातीचा फरक नाही. ज्या महाविद्यालयात अध्यापकाचे लेखन कोणी वाचीत नाही, तेथे विद्यार्थ्याचे लेखनही कोणी वाचीत नाही, आणि न वाचलेल्या लेखनात सचोटीचे मोल उरत नाही.

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सुरू झालेल्या रचनेत क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. अहवालांची संख्या त्यामुळे वाढणार आहे. तपासणीचा भर तयार अहवालावर न ठेवता तो घडण्याच्या प्रक्रियेवर ठेवला, तर ही संधी ठरेल. क्षेत्रभेटीची वही स्वतःच्या बोलीत वा मराठीत लिहिण्यास मुभा असावी. पुस्तक मिटवून सारांश लिहिण्याचा सराव वर्गातच व्हावा. पहिला खर्डा दुरुस्त करून परत द्यावा आणि त्यास गुण असावेत. शेवटी दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी. स्वतः केलेल्या कामाविषयी विद्यार्थी मोडक्या भाषेतही बोलू शकतो, उतरविलेल्या कामाविषयी बोलताना तो अडखळतो. मोठ्या वर्गांत आणि रिक्त पदांच्या काळात हे काम जड आहे, यात शंका नाही. परंतु निदान एका प्रकल्पापुरते ते करणे कोणत्याही विभागाला अशक्य नसावे.

समारोप

२०१८ च्या नियमावलीचा दोष तिच्या अक्षरांपेक्षा तिच्या अर्धवट अंमलबजावणीत अधिक आहे. शिकविण्याचे कलम आधी आणि दंडाचे नंतर, हा तिचाच क्रम पाळला गेला, तर दुसऱ्या भाषेत चाचपडणारा विद्यार्थी संशयित न राहता शिकणारा राहील. तोपर्यंत कर्जत-खालापूरच्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या अहवालांत राजनाला आणि इर्शाळवाडी शोधावी लागेल, आणि त्या न सापडण्याची जबाबदारी केवळ विद्यार्थ्याची म्हणता येणार नाही.