सेनिओकांठचा प्रशस्तिलेख

पराक्रमाच्या पदकासोबत छापला जाणारा सरकारी प्रशस्तिलेख हा बखरीचाच धाकटा भाऊ समजावा. तितक्याच सावधपणें तो वाचला पाहिजे. आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचा लेख पहा. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणींत ते कंपनीचे निरोप्ये होते. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीवर त्यांनीं दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून मागें आणलें. मग शत्रूचीं तीन मशीनगन ठाणीं बंद पाडलीं. हात जखमी होऊन बंदूक चालेना, तेव्हां हातबॉम्ब वापरले. येथवर तपशील चोख आहे. शेवटीं बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनीं उरलेल्या कंपन्यांस बोलाविलें, एवढें सांगून लेख संपतो. गर्जनेचे शब्द नाहींत! तो शिवछत्रपतींचा जयजयकार, हें मराठी वाचकास सांगणें नको. इंग्रजी दप्तरास मात्र तें नांव नोंदण्याजोगें वाटलें नाहीं. जाधव हें आडनांवही इंग्रजींत दोन-तीन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें, म्हणून शोध करणारानें एकाच लेखनावर विसंबूं नये.

ही उणीव लष्करी दप्तरांतून भरून निघणें कठीण. सोनई, घोडेगांव, नेवासें या बाजूस कोणाच्या पेटींत लामावरून आलेलीं पत्रें, पेन्शनचें पुस्तक किंवा पलटणींतून सुटल्याचा दाखला असेल, तर संग्राहकांनीं तो जुन्या सनदेइतक्याच आस्थेनें जपावा. पत्राचा लिफाफाही टाकूं नये. त्यावरील फील्ड पोस्टाच्या क्रमांकावरून पलटण तेव्हां कोठें होती हें ठरविण्यास आधार मिळतो.