‘मापन’ या शब्दाची मर्यादा : रडार आणि वातावरणीय संक्षोभ

निरभ्र आकाशातून येणाऱ्या रडार-प्रतिध्वनींना प्रारंभीच्या अभ्यासकांनी ‘देवदूत’ हे नाव दिले. नाव अशास्त्रीय खरे. परंतु प्रतिध्वनीचे कारण अज्ञात आहे, ही कबुली त्यात होती. १९६०च्या दशकात अमेरिकेतील वॉलॉप्स बेटावर भिन्न तरंगलांबींच्या रडारांनी एकच आकाश न्याहाळले गेले, तेव्हा काही देवदूत कीटक ठरले, काही हवेच्या प्रणमनांकातील चढउतार. पुढे ‘संक्षोभाचे मापन’ हा प्रयोग रूढ झाला. कबुलीची जागा खात्रीने घेतली. ती कितपत सार्थ आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

तिरुपतीजवळील गादंकी येथील रडार ५३ मेगाहर्ट्झवर चालते. त्याची तरंगलांबी सुमारे ५.७ मीटर, तिच्या निम्म्या, म्हणजे सुमारे २.८ मीटर आकाराच्या चढउतारांचाच प्रतिध्वनी त्यास मिळतो. या प्रतिध्वनीचे बळ केवळ संक्षोभावर नव्हे, तर तापमान व आर्द्रता उंचीनुसार कशी बदलतात यावरही अवलंबून असते. हवा पुरती घुसळली गेली की जोराचा संक्षोभही क्षीण प्रतिध्वनी देतो. उलट, स्थिर थर उभ्या शलाकेस आरशाप्रमाणे प्रखर प्रतिध्वनी परत करतो.

दुसरा मार्ग डॉप्लर वर्णपटाच्या रुंदीचा. परंतु शलाकेला स्वतःची रुंदी असल्याने आडवा वाराही वर्णपट रुंदावतो. तो वाटा वजा करावा लागतो, आणि वारा प्रबळ असता बाकी कधीकधी ऋण उरते. त्यापुढे ऊर्जाक्षयाचा दर काढावयाचा, तर वातावरणाची स्थिरता बहुधा फुग्याच्या नोंदींवरून घ्यावी लागते.

म्हणजे ‘मापन’ या एका शब्दाखाली तीन व्यापार नांदतात : नोंद, शोधन आणि अनुमान. पैकी पहिलाच खऱ्या अर्थाने मापन होय. नैयायिकांनी अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष मानले, कारण त्यास ओल्या इंधनाची उपाधी लागते. ‘जेथे संक्षोभ तेथे प्रतिध्वनी’ या विधानासही तशीच उपाधी आहे. म्हणूनच प्रतिध्वनीच्या अभावावरून हवा शांत ठरत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. निरभ्र हवेतील संक्षोभ विमानास हादरवतो. अशा ठिकाणी क्षीण प्रतिध्वनी हाच शांततेचा पुरावा मानणे धोक्याचे आहे. रडारची थोरवी याने उणावत नाही. तथापि कोष्टकातील कोणता आकडा मोजलेला, कोणता शोधित आणि कोणता अनुमित, हे शीर्षकातच सांगण्याची शिस्त प्रबंधलेखनात यावयास हवी.