हसरत, हौस आणि दुआ

पुरी न झालेल्या इच्छेसाठी उर्दूत एक स्वतंत्र शब्द आहे : हसरत. मराठीत दोन-तीन शब्द जोडावे लागतात. अपुरी इच्छा, राहून गेलेली हौस. गंमत अशी की ‘हौस’ हा शब्दही अरबी ‘हवस’वरूनच मराठीत आला आणि इथे येऊन निर्मळ झाला. उर्दूत हवस म्हणजे लोभ. मराठीत मात्र हौसेला मोल नाही. गालिब मराठीत समजावून सांगितला जातो तेव्हा मला हा फरक आठवतो. कारण भाषा इच्छेला काय म्हणते, यावरून ती इच्छा करणाऱ्या माणसाकडे कशी पाहते हे कळते.

सेतुमाधवराव पगडींसारख्या जाणकारांनी गालिबच्या गझला मराठी वाचकांपर्यंत आणल्या, हे मोठे काम झाले. पण मैफलींतल्या निवेदनांत आजही गालिबचे दोनच चेहरे दिसतात. एक, धर्माची टिंगल करणारा मद्यपी. दुसरा, जग मिथ्या आहे असे सांगणारा विरक्त. दोन्ही चेहरे सोयीचे आहेत, पण मला ते अपुरे वाटतात.

गालिबचे आयुष्य पाहा. जन्म १७९७, आग्रा. घराण्याच्या पेन्शनमध्ये आपला वाटा कमी मिळतो म्हणून हा माणूस दिल्लीहून कलकत्त्यापर्यंत गेला. १८२८ मध्ये तिथे पोहोचला, अर्ज-विनंत्या केल्या आणि अखेर निकाल विरुद्ध गेला. सात मुले झाली, एकही जगले नाही. मुलासारखा मानलेला आरिफ १८५२ मध्ये तरुणपणीच गेला. बादशहाचे उस्ताद होण्याचा मान १८५४ मध्ये मिळाला आणि तीनच वर्षांत बादशाहीच बुडाली. पेन्शन बंद पडली, ती १८६० मध्ये पुन्हा सुरू झाली. एवढे होऊनही त्याच्या पत्रांत पैसा आहे, दुखणी आहेत, आंब्यांची हौस आहे. हा विरक्त माणूस नव्हे. त्याने मागणे कधी सोडले नाही.

मग तो श्रद्धाहीन होता का? १८५७ नंतर एका इंग्रज अधिकाऱ्याने ‘तुम्ही मुसलमान का?’ असे विचारले, तेव्हा त्याने ‘अर्धा’ म्हणून सांगितले. दारू पितो, डुक्कर खात नाही. हा किस्सा त्याचे शागिर्द हाली यांनी ‘यादगार-ए-गालिब’मध्ये (१८९७) दिला आहे. लोक तो ऐकून हसतात आणि विषय संपवतात. मला मात्र त्या ‘अर्धा’ शब्दात लपवाछपवी नाकारणारा माणूस दिसतो. आपण नाही ते आहोत असे त्याने अल्लाहलाही दाखवले नाही. गझलांतली त्याची तक्रार याच स्वभावातून येते. ऐकणारा कोणी आहे असे वाटल्याशिवाय माणूस इतकी वर्षे तक्रार करत नाही.

मराठीला ही तक्रार परकी नाही. नामदेव, तुकाराम विठोबाशी उघड भांडले. तुकारामांच्याच काळाच्या आसपास श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. तिथे माणसाची लढाई स्वतःच्या वासना-विकारांशी आहे. आपण ज्याला नफ्स म्हणतो, तोच तिथला शत्रू. मराठी वाचक बहुधा या दुसऱ्या वाटेने गालिबकडे येतो आणि इच्छा दिसली की तिला वासना समजतो. भांडणाच्या वाटेने आला तर गालिब त्याला अधिक जवळचा वाटेल. मात्र एक फरक विसरू नये. तुकारामांनी देवाकडे शेवटी देवच मागितला. गालिबने दुनिया मागितली, आणि तसे मागताना त्याला लाज वाटली नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता साहित्याचा नाही. मी कामठ्यात राहते, उर्दू शाळेत शिकवते. दहावीच्या वर्गात गालिब शिकवताना एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिला अकरावीला सायन्स घ्यायचे होते, घरचे तयार नव्हते. तिने विचारले, “मिस, दुआ कबूल झाली नाही तर आपला ईमान कच्चा असतो का?” मी सवयीने सब्राचे उत्तर दिले. तिने मान हलवली आणि ती गेली.

सब्र खरा आहे. पण हा उपदेश मुलींच्याच वाट्याला आधी का येतो, हे मी स्वतःला विचारले नव्हते. भावाची महत्त्वाकांक्षा ती हिंमत, आणि बहिणीची ती हवस, असा अर्थ आपण घरोघर लावतो. तो अर्थ शब्दकोशात नाही, आपण घातलेला आहे.

आज ती मुलगी विचारेल तर मी म्हणेन : नाही बेटा, ईमान कच्चा नाही. अपुरी इच्छा घेऊनही दुआला हात उठतात, तो ईमानच आहे. आणि दुआबरोबर तुझ्या अब्बांशी बोलायला मीही येते.